आई-बाबांसाठी वाय-फाय फोटो फ्रेम घेताय? मग या क्रमाने जा

मुलगा पुण्यात, मुलगी न्यू जर्सीला नाहीतर दुबईला, आणि आई-बाबा सांगलीला किंवा चिपळूणला, अशी घरं आता आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. नातवंडांचे फोटो व्हॉट्सॲपवर येतात, आजी एकदा बघते, दोन शेजारणींना दाखवते, मग वरून गुड मॉर्निंगचे मेसेज येत राहतात आणि तो फोटो खाली जातो तो जातोच, आणि फोनची मेमरी भरली की कोणीतरी एके दिवशी सगळं साफ करून टाकतं. वाय-फाय फोटो फ्रेम म्हणजे हॉलमध्ये ठेवायची एक छोटी स्क्रीन, तुम्ही लांबून फोनवरून फोटो पाठवायचा आणि तो तिथे आपोआप दिसायला लागतो, फोन उघडा, ग्रुप शोधा, वर सरकवा असलं काही नाही.

पण बाजारात या फ्रेम इतक्या प्रकारच्या आहेत आणि जाहिरातीत सगळ्या इतक्या सारख्या दिसतात की नवीन माणूस इंच आणि किंमत बघून घेतो. माझं ठाम मत असं आहे की फ्रेम अशी हवी जिला आई-बाबांना हातसुद्धा लावावा लागू नये. सगळं पाठवणाऱ्यांनी करायचं, बघणाऱ्यांनी फक्त बघायचं. खालचा सगळा क्रम त्या हिशोबानेच लावलाय.

पायरी १: आधी घरचं नेट बघा, फ्रेम नंतर

बऱ्याचशा फ्रेम फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर चालतात, ५ वर नाही. घरी फायबर असेल तर राउटर साधारण दोन्ही देतो, काही ठिकाणी दोन वेगळी नावं दिसतात आणि काही ठिकाणी दोन्ही एकाच नावाखाली असतात. दोन नावं असतील तर ज्याच्या शेवटी ५जी असं काही लिहिलेलं नाही ते घ्यायचं. एकच नाव असेल तर बहुतेक वेळा चालतं, पण फ्रेम जोडताना अडकली तर नेटवाल्या माणसाला सांगून २.४ चं नाव वेगळं करून घ्या, त्याला पाच मिनिटांचं काम असतं.

दुसरं म्हणजे सिग्नल. राउटर बाहेरच्या खोलीत आणि फ्रेम आतल्या खोलीत, मध्ये जुन्या घराची दीड फुटी भिंत, असं असेल तर आधीच तुमचा फोन त्या नेमक्या जागी धरून वाय-फाय किती येतंय ते बघा. आणि सोसायटी, हॉस्टेल, वृद्धाश्रम अशा ठिकाणचं वाय-फाय असेल जिथे आधी ब्राउझरमध्ये पेज उघडून नंबर आणि ओटीपी टाकावा लागतो, तिथे फ्रेम बहुतेक जोडलीच जाणार नाही, हे घ्यायच्या आधी विचारून घ्या.

गावच्या घरी ब्रॉडबँड नसेल तरी लगेच नाही म्हणू नका. ज्या फ्रेम फोटो स्वतःच्या मेमरीत ठेवतात त्यांना नेट फक्त नवीन फोटो येण्यापुरतं लागतं. घरातल्या कोणाच्या तरी फोनचा हॉटस्पॉट रोज संध्याकाळी थोडा वेळ लावला तरी नवीन फोटो उतरतात आणि बाकी वेळ जुने फिरत राहतात. नेटचा गॅप फार मोठा पडला तर मात्र काही फोटो परत पाठवायची तयारी ठेवा.

पायरी २: ब्रँड नाही, ॲप निवडा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, म्हणून जरा सविस्तर सांगते. ऑनलाइन शोधलं की कधी न ऐकलेल्या नावांच्या फ्रेम दिसतात, सहा महिन्यांनी ती नावं गायब होऊन दुसरी येतात. त्यातल्या कितीतरी फ्रेमच्या आत एकच ॲप असतं, फ्रेमिओ नावाचं, डेन्मार्कच्या कंपनीचं. म्हणजे प्लास्टिकचा डबा वेगळा पण वापरायची पद्धत तीच. त्यामुळे बॉक्सवर कुठलं ॲप लिहिलंय ते आधी शोधा आणि त्या ॲपचे रिव्ह्यू प्ले स्टोअरवर जाऊन वाचा, फ्रेमच्या पेजवरच्या पाच स्टारपेक्षा ते जास्त खरं सांगतात.

फ्रेमिओची पद्धत सोपी आहे: फ्रेमवर एक कोड येतो, तो तुमच्या फोनच्या ॲपमध्ये टाकायचा, झालं, तुम्ही जोडले गेलात. मग भाऊ, वहिनी, मावशी, ज्याला ज्याला पाठवायचं आहे त्याला नवीन कोड काढून द्यायचा, आणि काही तासांनी तो कोड आपोआप बाद होतो, त्यामुळे जुना कोड कोणाच्या हाती लागला तरी काळजी नाही. फुकटच्या ॲपमधून एका वेळी १० फोटो जातात आणि व्हिडिओ १५ सेकंदांपर्यंतचा, घरगुती वापराला एवढं पुरतं. पैसे भरून जे मिळतं त्यात खरी उपयोगाची गोष्ट एकच, लांबून फ्रेमवरचे फोटो बघता आणि काढून टाकता येतात. आई-बाबांच्या जवळ राहणारं कोणीच नसेल तर त्याचा विचार करा, नाहीतर सोडून द्या.

परदेशात, खास करून अमेरिकेत, ऑरा आणि स्कायलाइट ही दोन नावं खूप चालतात. ऑराच्या फ्रेमला टच स्क्रीन नाही, सगळं ॲपमधून होतं, क्लाउडला (म्हणजे कंपनीच्या इंटरनेटवरच्या साठ्याला) जागेची मर्यादा नाही आणि महिन्याची फी पण नाही, साधं मॉडेल दीडशे डॉलरच्या आसपास जातं. पण ती वाय-फायवर पूर्ण अवलंबून आहे, त्यामुळे जिथे नेट दिवसातून चार वेळा जातं त्या घरी ती नेऊ नका असंच मी म्हणेन. स्कायलाइटच्या प्रत्येक फ्रेमला स्वतःचा ईमेल पत्ता असतो, त्यावर फोटो मेल केला की फ्रेमवर येतो. ज्या काकांना नवीन ॲप नको असतं पण ईमेल नीट जमतो त्यांच्यासाठी ही पद्धत फारच सोयीची. तिथे व्हिडिओसारख्या काही गोष्टींना मात्र वर्षाची फी आहे.

पाठवणाऱ्यांची यादी करा एकदा. कोणाकडे आयफोन, कोणाकडे अँड्रॉइड, कोण ॲप टाकेल, कोण टाकणार नाही. घरातले तिघे जण जरी नियमित पाठवणार असतील तरी फ्रेम जिवंत राहते. एकट्या तुमच्यावरच सगळं असेल तर जास्तीच्या फीचर्सना पैसे घालू नका.

व्हॉट्सॲपचा प्रश्न सगळेच विचारतात. ग्रुपवर टाकलेला फोटो थेट फ्रेमवर जात नाही. ग्रुपमधून तो फोनच्या गॅलरीत सेव्ह करायचा आणि गॅलरीतून शेअर दाबून फ्रेमचं ॲप निवडायचं. व्हॉट्सॲप फोटो लहान करतं हे खरं, पण तरी लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेल उरतात आणि नेहमीच्या १० इंची फ्रेमची स्क्रीनच १२८० बाय ८०० ची असते, त्यामुळे ओरिजिनल मिळाला नाही म्हणून फोटो पाठवायचा थांबू नका.

पायरी ३: फोटो राहणार कुठे?

दोन प्रकार आहेत. एक, फोटो फ्रेमच्या आतल्या मेमरीत उतरतात. दोन, फोटो कंपनीच्या क्लाउडवर राहतात आणि फ्रेम तिथून दाखवते. मी पहिल्या प्रकाराच्या बाजूने आहे आणि त्याला कारण आहे. २०२५ मध्ये निक्सप्ले या नावाजलेल्या कंपनीने फुकट मिळणारी क्लाउडची जागा ५०० एमबीवर आणली, ज्यांनी वर्षानुवर्षं फोटो भरले होते त्यांच्यापुढे एकदम पैसे भरा नाहीतर कमी करा असा प्रश्न आला. त्याच वर्षी ३१ मार्चपासून गूगलने गूगल फोटोजचे नियम बदलले आणि दुसऱ्या कंपन्यांच्या ज्या फ्रेम तिथला अल्बम आपोआप ओढून घ्यायच्या त्यांचं ते बंद पडलं, आता फोटो आपण निवडून द्यावे लागतात. म्हणून अजूनही कुठल्या पेजवर "गूगल फोटोजशी ऑटो सिंक" असं लिहिलेलं दिसलं तर त्यावर विसंबून पैसे देऊ नका, आधी त्या कंपनीला विचारा की आज हे नक्की कसं चालतं.

मेमरी किती हवी याची फार चिंता नको. १६ जीबीच्या फ्रेममध्ये सॉफ्टवेअरने काही जागा खाल्ली आणि १० जीबी उरली तरी एक फोटो ३ एमबीचा धरला तर तीन हजारांवर फोटो बसतात, एक मिनिटाला एक धरला तर तेवढे फिरून यायलाच तीनेक दिवस जातील. ३२ जीबीसाठी थोडेच पैसे जास्त असतील तर घ्या, नाहीतर अडत नाही. मेमरी कार्डाची खाच असेल तर चांगलं, जुने फोटो एकदम भरायला ती बरी पडते.

आणि फ्रेमला कधीच फोटोंची तिजोरी समजू नका. ओरिजिनल फोटो फोनवर, हार्ड डिस्कवर, जिथे ठेवता तिथे राहू द्या.

पायरी ४: अगदी स्वस्तातली अनोळखी फ्रेम का नको

फ्रेम म्हणजे आतून एक छोटा अँड्रॉइड टॅबलेटच असतो आणि तो चोवीस तास घरच्या वाय-फायला जोडलेला असतो. डिसेंबर २०२४ मध्ये जर्मनीच्या सायबर सुरक्षा खात्याने तिथल्या बॅडबॉक्स नावाचं मालवेअर (आत दडलेलं घातक सॉफ्टवेअर) असलेल्या सुमारे ३०,००० उपकरणांचा ते चालवणाऱ्यांच्या सर्व्हरशी असलेला संपर्क तोडला, त्यात डिजिटल फोटो फ्रेम होत्या. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने त्याच्याच पुढच्या अवताराबद्दल इशारा दिला, त्या यादीतही फोटो फ्रेमचं नाव आहे. मग नोव्हेंबर २०२५ मध्ये क्वोका नावाच्या सिक्युरिटी कंपनीने यूहेल ॲपवर चालणाऱ्या फ्रेम तपासल्या तेव्हा त्यातल्या बऱ्याच फ्रेम चालू होतानाच मालवेअर डाउनलोड करत होत्या, आत सॉफ्टवेअर होतं जुनं अँड्रॉइड ६.

हे घाबरवायला सांगत नाहीये. घरातल्या लहान मुलांचे फोटो जिथे जाणार आहेत ती वस्तू कोणाची आहे हे कळायलाच हवं, एवढंच. कंपनीची वेबसाइट आहे का, ॲप शेवटचं कधी अपडेट झालंय, भारतात तक्रार करायला पत्ता किंवा नंबर आहे का, ही तीन उत्तरं मिळाली नाहीत तर ती फ्रेम सोडा. घरच्या राउटरवर गेस्ट नेटवर्क असेल तर फ्रेम त्यावर जोडा, म्हणजे बँकेची कामं होतात तो फोन आणि फ्रेम एकाच नेटवर्कवर राहत नाहीत.

पायरी ५: स्क्रीन

७ इंची घेऊ नका. दिवाणावरून किंवा झोपाळ्यावरून ती नीट दिसत नाही आणि बऱ्याचदा तिचं रिझोल्यूशन पण १०२४ बाय ६०० असतं. १० इंची हे घरासाठी बरोबर माप. आयपीएस पॅनल लिहिलेलं हवं, म्हणजे बाजूला बसलेल्यालाही रंग नीट दिसतात, नाहीतर फ्रेम समोर बसूनच बघावी लागते आणि हॉलमध्ये तसं कोणी बसत नाही.

आकाराबद्दल एक गोष्ट कोणी सांगत नाही. १०.१ इंची रुंद फ्रेमची स्क्रीन साधारण २१.७ बाय १३.६ सेंटीमीटर असते. आपण फोन उभा धरून फोटो काढतो, तो उभा फोटो या आडव्या स्क्रीनवर अख्खा दाखवला तर जेमतेम दहा सेंटीमीटर रुंद दिसतो, म्हणजे अर्धी स्क्रीन पण भरत नाही. आणि स्क्रीन भरून दाखव असं सेटिंग केलं तर डोकं नाहीतर पाय कापले जातात. म्हणून घरातले बहुतेक फोटो उभे असतील तर अशी फ्रेम बघा जी उभी ठेवता येते आणि तिचा स्टँड दोन्हीकडून लागतो, किंवा दोन उभे फोटो शेजारी शेजारी दाखवते. पाठवणाऱ्यांनाही सांगा की फ्रेमसाठी म्हणून दोन फोटो आडवे काढत जा.

भारतात १० इंची, फ्रेमिओवर चालणारी फ्रेम साधारण पाच ते दहा हजारांच्या मध्ये मिळते. फक्त "डिजिटल फोटो फ्रेम" लिहिलेल्या अजून स्वस्त दिसतात त्यांच्यात बऱ्याचदा वाय-फाय नसतंच, पेनड्राइव्ह लावायचा असतो, तेव्हा नाव नीट वाचा.

पायरी ६: लाईट, प्लग वगैरे

बहुतेक फ्रेमना बॅटरी नसते. लाईट गेले की फ्रेम बंद. प्रश्न हा की लाईट आल्यावर ती आपोआप सुरू होऊन फोटो दाखवायला लागते का, की कोणी मागचं बटण दाबावं लागतं. जिथे लोडशेडिंग आहे तिथे याच एका गोष्टीवरून फ्रेम वापरात राहते की कपाटात जाते ते ठरतं, म्हणून रिव्ह्यूमध्ये हे मुद्दाम शोधा. बिलाची काळजी नको, १० वॅटची फ्रेम रोज १४ तास चालली तर महिन्याला चारेक युनिट होतात.

परदेशातून आणणार असाल तर अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय का बघा आणि पिन बदलायचा प्लग सोबत द्या, तो शोधत फिरायची वेळ त्यांच्यावर येऊ देऊ नका. वायर किती लांब आहे हेही बघा, कारण आपल्याकडे टीव्हीच्या युनिटजवळचा बोर्ड आधीच भरलेला असतो.

आता सेटअप, आणि तो तुमच्याच घरी करा

फ्रेम थेट आई-बाबांच्या पत्त्यावर पाठवू नका. आधी स्वतःकडे मागवा, चालू करा, अपडेट येऊ द्या, घरच्या सगळ्यांना कोड देऊन जोडून घ्या आणि पन्नासेक फोटो आधीच भरून ठेवा. म्हणजे बॉक्स उघडून प्लग लावला की पहिल्याच मिनिटाला त्यांना नातवंड दिसतं. त्यांच्या घरचं वाय-फाय तेवढं तिथे जाऊन जोडायचं राहतं. जाणं शक्य नसेल तर एक युक्ती करता येते, तुमच्या फोनच्या हॉटस्पॉटला तात्पुरतं त्यांच्या वाय-फायचं नाव आणि तोच पासवर्ड द्या आणि फ्रेम त्याला जोडून मग कुरिअर करा, तिथे गेल्यावर ती बहुतेक वेळा आपोआप जोडली जाते. नाव आणि पासवर्ड मात्र कॅपिटल-स्मॉल अक्षरांसकट हुबेहूब हवा.

मग ही सेटिंग लावा: रात्री साडेनऊ-दहाला स्क्रीन आपोआप बंद, सकाळी सहाला चालू, कारण अंधारात उजेड देणारी स्क्रीन झोपेच्या खोलीजवळ नको. फोटो बदलायची वेळ तीस सेकंद ते एक मिनिट ठेवा, वयस्कर माणसाला चेहरा ओळखायला, चष्मा लावायला वेळ लागतो, पाच सेकंदांत फोटो पळाला तर चुटपुट लागते. व्हिडिओचा आवाज बंद ठेवून सुरुवात करा. घड्याळ दाखवता येत असेल तर दाखवा, त्यांना आवडतं.

जागा निवडताना खिडकीच्या समोर नको, काच चमकते. गॅसच्या ओट्याजवळ नको आणि देवघराच्या अगदी शेजारी पण नको, समईची काजळी बसते. जिथे सकाळचा चहा होतो तिथून दिसेल अशी ठेवा.

कोणते फोटो पाठवायचे

एका बर्थडेचे चाळीस फोटो पाठवू नका, चार पाठवा. घरच्यांना पोज दिलेल्या फोटोपेक्षा साधे फोटो जास्त हवे असतात, डबा खाणारी मुलगी, शाळेच्या बसजवळ उभा असलेला मुलगा, नवीन घराची गॅलरी, तुळस लावलेली कुंडी. फोटोखाली ओळ लिहायची सोय असेल तर नाव आणि प्रसंग लिहा, "ओजस, पहिलीचा पहिला दिवस" असं. मराठी अक्षरं फ्रेमवर नीट दिसतात का ते एक फोटो पाठवून आधी तपासा. आजी-आजोबांना विसरायला होत असेल तर ही नावाची ओळ फारच मोलाची आहे, नातं पण लिहा त्यात.

जुने अल्बम असतील तर त्यातले फोटो फोनने स्कॅन करा, गूगलचं फोटोस्कॅन ॲप फुकट आहे आणि काचेची चमक बऱ्यापैकी काढतं. आई-बाबांचा लग्नातला फोटो, कॉलनीतला गणपती, एसटी स्टँडवरचा ग्रुप फोटो, हे नवीन फोटोंच्या मधे आले की ते स्वतःहून गोष्टी सांगायला लागतात आणि नातवंडांना त्या मिळतात.

गेलेल्या माणसांचे फोटो टाकायचे का, हे घरच्यांना विचारूनच ठरवा. काही घरांत आजोबांचा हसतानाचा फोटो मधूनच दिसला की बरं वाटतं, काही घरांत आजीला त्या क्षणी सहन होत नाही. भिंतीवरचा हार घातलेला फोटो समोर असतोच, पण तो एका जागी असतो आणि त्याची सवय असते. हा अचानक येतो. पहिलं वर्ष थांबावं असं मला वाटतं.

रिटर्नची मुदत संपायच्या आत एवढं तपासा

प्लग काढून परत लावा आणि फ्रेम आपोआप सुरू होते का बघा. वाय-फाय बंद करून जुने फोटो दिसत राहतात का बघा. दुसऱ्या गावातल्या कोणाला तरी फोटो पाठवायला सांगा, तुमच्याच घरातून पाठवून खात्री होत नाही. एक उभा फोटो, एक आडवा, एक छोटा व्हिडिओ. बाजूने बसून रंग बघा. पाठवणाऱ्यांपैकी एकाचं नाव काढून टाकून बघा, ते जमायला हवं, कारण पुढे कधीतरी लागतं. यातलं काही बिघडलं तर दुरुस्त होईल म्हणून वाट बघू नका, परत करा.

आणि पैसे घालायचेच नसतील तर घरी गूगल टीव्ही किंवा नेस्ट हब (गूगलचा स्क्रीनवाला स्पीकर) आहे का बघा, त्यावर गूगल फोटोजचा अल्बम लावता येतो आणि तुम्ही लांबून त्यात फोटो टाकत राहिलात की तिथे दिसतात. पडून असलेला जुना टॅबलेट कायम चार्जिंगला लावून फ्रेम बनवायचं मात्र टाळा, त्याची बॅटरी फुगू शकते आणि वयस्कर माणसं एकटी असतात त्या घरात तो धोका नको. फ्रेम पुढे कोणाला द्यायची किंवा विकायची झाली तर सेटिंगमध्ये जाऊन फॅक्टरी रिसेट करा, कार्ड काढून घ्या, आणि पाठवणाऱ्या सगळ्यांना सांगा की ॲपमधून ती फ्रेम काढून टाका, नाहीतर कोणीतरी सवयीने बाळाचा फोटो पाठवेल आणि तो परक्या घरात दिसेल.